गुणाजीची फुंक

आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या माळाच्या म्हणजे सड्याच्या उतरणीवर सोमजाईचं देऊळ आहे. त्या देवळात पूजा करायची, दिवा लावायचा आणि सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, ही सेवा गुणाजी गुरवाच्या घराण्याकडे होती. बदल्यात देवीच्या नावाची थोडी भातजमीन कसायला मिळे. पोटापुरतं पिके, पण गावात मान होता. गुणाजीचे वडील आप्पा सनईला बसले की खालून समुद्रावरून परतणारे होडीवाले नुसत्या सुरावरून सांगत, आज म्हातारा खुशीत आहे की घरात भांडून आलाय.

त्या घरात विद्या द्यायची एक रीत होती. तिला ते ‘फुंक देणं’ म्हणत. दसऱ्याला देवीसमोर बापाने सनई तोंडाला लावायची, दोन सूर काढायचे आणि तोंडात धरायची ती पत्ती ओली असतानाच सनई मुलाच्या हातात द्यायची. मुलाने कपाळाला लावून तशीच वाजवायची. पत्ती पुसायची नाही. पुढेही शिकताना गुरूकडून वाद्य घेतलं की तसंच. पुसली तर दिलेली विद्या पुसून टाकली असं होतं. बाकी कुणाचं उष्टं ते उष्टं, पण गुरूचं उष्टं हा प्रसाद.

एका पिढीत एकालाच फुंक द्यायची असा नेम असल्यामुळे थोरल्या गुणाजीला मिळाली आणि धाकटा विठू कोरडा राहिला. विठूला सनईचं फार वेड. लहानपणी पपईच्या देठाची पिपाणी करून तो गुरांमागे वाजवत फिरे. आप्पा त्याला हाकलून देत. मिसरूड फुटलं तसा तो मुंबईला गिरणीत गेला.

गुणाजी शाळेत हुशार निघाला. मराठी फायनल पास झाला तेव्हा शाळेच्या मास्तरांनी आप्पांना गळ घातली की याला रत्नागिरीला शिक्षकाच्या कॉलेजात घाला, दोन वर्षांनी पगार घरी येईल. आप्पांचे दात तेव्हा शाबूत होते, सनई अडणार नव्हती. देवीला कौल लावला, उजवा मिळाला. देवी कौल देते ती आपण विचारलं तेवढ्यापुरताच देते, पुढचं विचारायचं कुणाला सुचतं? एकोणतीस साली गुणाजी ट्रंक डोक्यावर घेऊन रत्नागिरीला चालत गेला.

कॉलेज म्हणायला कॉलेज. एका जुन्या वखारीत वर्ग भरत, मागच्या पडवीत विद्यार्थी राहत. मुलं मोजकी, त्यात जातीप्रमाणे जेवणाच्या पंगती तीन. गुणाजीच्या पंगतीला भाट्याकडचा सदू होता, समुद्रावर जाणाऱ्या खारव्याचा पोरगा. बोलायला फटकळ, मनाने चांगला. भजनात ढोलकी वाजवून त्याची बोटं तयार झालेली.

दुसऱ्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहाची हवा सुटली आणि मुलं संध्याकाळी कुजबुजू लागली, तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी एक युक्ती काढली. मुलांना कशात तरी गुंतवायचं म्हणून कॉलेजचा वाद्यमेळ उभा करायचं ठरवलं. बोटीने खोकी आली. दोन हार्मोनियम, फिडल, दिलरुबा, तबला, जलतरंगाचे वाडगे आणि एका लांबट पेटीत काळं क्लॅरिनेट. त्यांच्या मागोमाग शिकवायला भागोजी मास्तर आले. मूळचे घाटावरचे. नाटक कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे, कंपनी बुडाली तशी नोकरी शोधत कोकणात उतरले. अंगाने पाप्याचं पितर, पण डोळे मायाळू. सारखे खोकायचे. विचारलं तर म्हणायचे, कंपनीतल्या दिव्यांच्या धुराने घसा गेलाय, आणि ज्येष्ठमधाची काडी चघळायचे.

पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपापलं वाद्य पटकावलं. हार्मोनियम पहिल्या पंगतीतल्या केळकराने घेतली, तबला सदूने. क्लॅरिनेट पेटीतच राहिलं. ते तोंडाचं वाद्य, आधी कुणाच्या तोंडात जाऊन आलंय कोण जाणे, आणि शिकायचं म्हणजे मास्तर वाजवणार नि मग आपण. केळकराने तर पेटीला कपडाही लागू नये म्हणून पंचा सावरून घेतला. मास्तर पेटीजवळ उभे होते. त्यांचं तोंड इतकंसं झालं.

गुणाजी दाराशी उभा होता. वाद्यमेळात शिरायचं त्याच्या मनातही नव्हतं. देवापुढे वाजवायचं ते चारचौघांत खुर्चीवर बसून वाजवायचं म्हणजे पाप की काय, असं त्याला वाटत होतं. सदूनेच त्याला पाठीत ढकललं.

“हा घ्या मास्तर. जन्माचा फुंक्या आहे. याच्या आज्यानं देवी जागी ठेवली, हा तुमचे प्रिन्सिपॉल जागे ठेवील.”

मुलं हसली. मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं, पत्ती जिभेने भिजवली आणि एक लांब सूर लावला. गुणाजी पुढे कधी हे सांगताना म्हणे की तो सूर ऐकला आणि देवळाचा गाभारा डोळ्यांपुढे आला. सनईसारखा धारदार नव्हता, काळोखातल्या तेलाच्या दिव्यासारखा मऊ होता. सूर संपवून मास्तरांनी वाद्य त्याच्यापुढे धरलं आणि खिशातून धुतलेला रुमाल काढला.

“पुसून घे रे बाळ.”

“आमच्यात पुसत नाहीत, मास्तर,” गुणाजी म्हणाला. त्याने क्लॅरिनेट दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि तसंच तोंडात धरलं.

मास्तर बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवून दिला. पुन्हा त्यांनी पुसायला कधी सांगितलं नाही.

आता मला कुणी विचारलं तर मी मास्तरांना वाईट म्हणणार नाही. ज्याच्या पाण्याच्या तांब्यालाही लोक शिवायला कचरतात, त्याच्या हातचं कुणी प्रसाद म्हणून घेतलं, तर त्याच्या तोंडून नको कसं निघेल? पण निघायला हवं होतं, हेही खरं.

सनई वाजवणाऱ्याला मेळात बसणं सोपं गेलं नाही. देवळात सनई पुढे, बाकीचे मागे. त्यामुळे गुणाजीला थांबायची सवयच नव्हती. केळकराची पेटी अजून चालीवर येतेय तोवर हा वर चढून बसलेला असायचा. सदू तबला थांबवून म्हणायचा, अरे गुरवा, दम धर, आरती अजून सुरू नाही झाली. मास्तर पायाने ठेका धरत आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत. हात ठेवला की थांबायचं, उचलला की शिरायचं. असं करत करत त्याला समजलं की गप्प बसणं हाही वाजवण्यातला भाग आहे. दुसऱ्याचा सूर ऐकून आपला त्यात सोडायचा. पंगतीला वेगळे बसणारे सगळे त्या तेवढ्या वेळात एका ओळीत बसत. पहिल्यांदा सगळं जमून आलं तेव्हा केळकर आपण होऊन त्याला म्हणाला, आज चांगलं झालं हो. गुणाजीला तेवढंही पुष्कळ होतं.

मास्तर त्याला वेगळंही शिकवत. त्यांच्या खोलीत वारा यायचा नाही, थंडी बाधते म्हणून खिडकी लावलेली असे. दोघं एकाच क्लॅरिनेटवर. त्यांनी एक जागा वाजवायची, याने तशीच ओली पत्ती तोंडात घेऊन ती उतरवायची. मास्तरांचा पितळी पेला कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असे आणि ते त्याला कुणाला हात लावू देत नसत. स्वतः घासत, राखेने. गुणाजीला वाटे, मास्तरांचं सोवळं असेल. कुणी आपल्याला शिवू नये म्हणून लोक भांडी वेगळी ठेवतात, एवढंच त्याने जन्मभर पाहिलेलं. आपलं दुसऱ्याला लागू नये म्हणूनही कुणी पेला वेगळा ठेवतो, हे त्याच्या डोक्यात कुठून यावं?

एकतीस सालच्या गॅदरिंगला वाद्यमेळ वाजला. गावातले वकील, डॉक्टर, मामलेदार पुढच्या रांगेत होते. आप्पा आले नाहीत, पण बकुळा, गुणाजीची बायको, मामाबरोबर आली आणि बायकांच्या चिकाच्या पडद्याआडून ऐकत बसली. तिने त्याची सनई रोज ऐकली होती, तरी तिला हा आवाज ओळखू आला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा कुठे शेजारणीला म्हणाली, ते काळं नळकांडं वाजवणारे ते आमचे.

गॅदरिंगनंतर थोड्याच दिवसांत तालमीत मास्तरांना खोकल्याची उबळ आली आणि रुमाल लाल झाला. मुलं भिंतीकडे सरकली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मास्तरांना गावी जायला सांगितलं, वाद्यं पुन्हा खोक्यात गेली. बोटीवर पोचवायला गुणाजी आणि सदू दोघेच गेले. गुणाजी पाया पडायला वाकला, तर मास्तर मागे सरले.

“पाया पडू नकोस. मी तुला पुसायला लावायला हवं होतं.”

गुणाजीला वाटलं, आजारी माणूस काहीतरी बोलतो. सदूला मात्र समजलं असावं. परत येताना तो वाटभर गप्प होता, आणि सदू गप्प म्हणजे नवलच. पाऊस लागायच्या आत मास्तर गेल्याचं कॉलेजात कळलं.

गुणाजी परीक्षा पास झाला, गावाजवळच्याच शाळेत मास्तर म्हणून लागला. तोवर आप्पांचे पुढचे दात पडले होते. दात नाहीत त्याला सनईची पत्ती धरता येत नाही, वारा सुटून जातो. म्हणून पहाटे देवळात गुणाजी, दिवसा शाळेत गुणाजी. दोन वर्षं बरी गेली. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला. अंग झिजलं, सूर मधेच तुटू लागला. रत्नागिरीच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि विचारलं, घरात कुणाला क्षय होता का? गुणाजी नाही म्हणाला. कुणा खोकणाऱ्याबरोबर राहिलास का, कुणाचं उष्टं खाल्लंस का? तेव्हा त्याला तो कोपऱ्यातला पितळी पेला आठवला. डॉक्टरने सांगितलं, ताटवाटी वेगळी ठेव, थुंकी जाळ, फुंकायचं वाद्य बंद, आणि तुझ्या तोंडचं कुणाला देऊ नकोस.

घरी येऊन त्याने ताट वेगळं मागितलं. बकुळा म्हणाली, कॉलेजात जाऊन सोवळं शिकलात वाटतं, आमच्या हातचं चालेना? तेव्हा त्याने तिला परसात नेऊन खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून त्याची भांडी ती वेगळ्या राखेने घासू लागली आणि तिने सोमजाईचे सोमवार धरले.

शाळेतली नोकरी सुटली. सनई तो अधूनमधून कशीबशी वाजवी. गावात कुरकुर सुरू झाली की देवी मुकी पडली. त्याच सुमारास गिरण्या बंद पडून विठू मुंबईहून परत आला होता. आप्पांनी एकाच्याच फुंकेचा नेम बाजूला ठेवून ठरवून टाकलं, या दसऱ्याला विठूला फुंक द्यायची. स्वतः आप्पांना दात नाहीत, तेव्हा फुंक गुणाजीने द्यायची. विठूला सांगितलं तेव्हा तो ताडकन उठून बाहेर गेला. बकुळाने पाहिलं, माडाला टेकून तो रडत होता. लहानपणापासून मागितलेलं आता मिळत होतं.

गुणाजीने आप्पांना एकट्याला गाठलं. डॉक्टरने काय सांगितलं ते सगळं सांगितलं. मी शिकवीन, पण तोंडाने सांगून शिकवीन. विठूला नवी सनई द्या, नवी पत्ती द्या.

“कोरड्या पत्तीत काय असतां?” आप्पा म्हणाले. “ताडाचां पान. विद्या ओलाव्यात असते.”

“रोग पण ओलाव्यातच असतो, आप्पा.”

“माझ्या बापाला खोकला होता. फुंकणाऱ्याला खोकला येतोच. देवीच्या समोर दिलेलां बाधत नाय. तुझा विश्वास उडाला कॉलेजात जाऊन.”

विश्वास उडाला नव्हता. तीच तर पंचाईत होती. गुणाजी रोज पहाटे पायरीवर डोकं टेकून देवीला विचारी की तुझ्यासमोर दिलेलं खरंच बाधत नाही का, सांग. मास्तरांचं त्याने असंच मनोभावे घेतलं होतं. देवाने मन पाहिलं असेलच. पण छातीत व्हायचं ते झालं. त्याने पुसून द्यायचाही विचार केला. पुसलेली पत्ती आप्पा चालू देणार नाहीत आणि नुसत्या पुसण्याने ते जातं की नाही हे डॉक्टरनेही छातीठोक सांगितलं नव्हतं.

आणि सगळ्यांसमोर सांगावं तर घर बुडत होतं. क्षयाच्या घरातलं तीर्थ कोण हातावर घेईल? सेवा जाईल, सेवेबरोबर जमीन जाईल, विठूला मुलगी कोण देईल? आप्पांनी हे एकेक करून त्याला ऐकवलं. बकुळाला त्याने विचारलं, काय करू. ती भात निवडत होती. म्हणाली, “तुमच्या मास्तरांना जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगता येतं का बघा.”

दसऱ्याला देवळात गाव जमलं. गावकार, मानकरी, बायाबापड्या. आप्पांनी सनई देवीच्या पायाला लावून गुणाजीच्या हातात दिली. विठू नवं धोतर नेसून, अंघोळ करून हात जोडून समोर बसला होता. सगळ्यांच्या माना गुणाजीकडे वळल्या. त्याने सनई हातात धरली, पण तोंडाला लावली नाही. मग ती पुन्हा देवीपुढे ठेवून गावकारांना म्हणाला, “मला क्षय झालाय. मी फुंक देणार नाय.”

पुढे बसलेल्या बायकांनी पोरं उचलली आणि त्या हळूहळू दाराकडे गेल्या. गावकारांनी आप्पांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? आप्पांनी खाली बघितलं. एवढ्यावरच सगळं झालं. त्या संध्याकाळची आरती पलीकडच्या वाडीतल्या गुरवाला बोलावून केली. पुढे सेवा त्याच्याकडेच गेली, भातजमीन कापणी झाल्यावर त्याच्याकडे गेली. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. नुसतं कुणी घरी येईनासं झालं.

आप्पांनी गुणाजीशी बोलणं सोडलं. त्याच्याकडे पाठ करून ते ओटीवर बसत आणि दुसऱ्या गुरवाची सनई सुरू झाली की कानावरून पंचा घेत. तो गुरव बरा वाजवायचा. गुणाजीला ते कबूल होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत पडल्या पडल्या तो ऐकत राही.

विठू दाराशी एकदाच आला. उंबऱ्याच्या बाहेर बसला, कारण आत यायला गुणाजीने बंदी केली होती.

“तू दिलं असतंस तर मी घेतलं असतं, दादा. रोगासकट घेतलं असतं.”

“ठाऊक आहे,” गुणाजी म्हणाला. “म्हणून दिलं नाय.”

विठूने जमिनीवर बोटाने काहीतरी रेघोट्या मारल्या, पुसल्या. मग म्हणाला की गिरण्या पुन्हा चालू झाल्यात असं कुणी सांगत होतं, उद्या निघतो. गुणाजीला वाटलं, हा आणखी काहीतरी बोलेल, निदान रागाने तरी. तो उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर विठू निघाला. आप्पांच्या पाया पडला, बकुळाने हातावर दही दिलं. दादाच्या खोलीकडे त्याने मान वळवली नाही. गुणाजी आता फार दिवस काढणार नव्हता, हे घरात सगळ्यांना कळत होतं, विठूलाही. बकुळाने गुणाजीला भिंतीला टेकवून बसवलं. खिडकीतून सड्यावर जाणारी घाटी दिसत होती. चढ उभा, जांभ्याच्या दगडांचा, रिकाम्या हाताच्या माणसालाही दोनदा बसायला लावील असा. डोक्यावर ट्रंक घेऊन विठू चढू लागला. गुणाजी त्याच्याकडे टक लावून बघत होता. पहिल्या वळणावर तो थांबला नाही. फणसाखाली सगळे टेकतात, तिथेही टेकला नाही. शेवटच्या चढाला ट्रंक एका हाताने सावरत, मागे न बघता तो सड्यावर पोचला आणि दिसेनासा झाला.

“दम लागला नाय त्याला,” गुणाजी म्हणाला.

बकुळा म्हणाली, नाय लागला. मग तिने त्याला खाली निजवलं आणि भांडी घासायला बाहेर गेली.